वायुस्थितीतले धातू-ऑक्साइड आयन: स्थैर्याचा हिशेब कसा मांडायचा

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, नेवरे, मालगुंड, पूर्णगड इथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह आणि टायटेनियम. कणकवली तालुक्यात जानवली-वागदे भागात क्रोमाइट आहे. सड्यावर जांभा आहेच, त्यात लोह आणि ॲल्युमिनियम. या मालाचा नमुना विरघळवून आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मात अणूंचे आयन करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) घेतला, किंवा त्यातल्या धातूचा आयन आयन-ट्रॅपमध्ये पकडून त्यावर ऑक्सिजन सोडला, की धातूच्या शिखराशेजारी १६ ने जड असे दुसरे शिखर दिसते. तो ऑक्साइड आयन. काही धातूंमध्ये तो ठळक दिसतो, काहींमध्ये जवळपास नसतोच. असे का होते आणि कोणत्या धातूत किती अपेक्षा ठेवायची, हे यंत्र चालू करण्याआधी कागदावर काढता येते. कोकणातल्या कॉलेजांतून एमएस्सी करणाऱ्यांसाठी आणि खनिज तपासणीच्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी ही पद्धत क्रमाने मांडली आहे. बारावीनंतरचे रसायनशास्त्र आणि साधा कॅल्क्युलेटर एवढे पुरते.

पायरी १: घन ऑक्साइडचे आकडे बाजूला ठेवा

नव्या माणसाची पहिली चूक ठरलेली असते. घन ऑक्साइड भक्कम, तर त्याचा वायुस्थितीतला आयनही भक्कम असणार, असे तो धरून चालतो. जांभ्यातला ॲल्युमिनियम हे गृहीतक मोडतो. ॲल्युमिनाची निर्मितिउष्णता मोलला उणे १६७६ किलोज्यूल, म्हणजे दर ऑक्सिजन अणूमागे सुमारे उणे ५५९. रुटाइलची, म्हणजे टायटेनियम डायऑक्साइडची, उणे ९४५, दर ऑक्सिजनमागे सुमारे उणे ४७२. या मोजमापात ॲल्युमिनियम जिंकतो. पण एक धातू, एक ऑक्सिजन आणि एक धनभार असा एकटा आयन घेतला, तर टायटेनियमचा बंध ६.९ ईव्हीचा (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) निघतो आणि ॲल्युमिनियमचा दोन ईव्हीच्याही आत राहतो.

घन पदार्थात जाळीऊर्जा सगळे सांभाळून घेते. एकट्या आयनाला जाळी नसते. त्याच्याकडे फक्त स्वतःचे इलेक्ट्रॉन असतात. एकभारित ॲल्युमिनियमची बाह्य कक्षा दोन इलेक्ट्रॉनांनी भरून बंद झालेली असते, त्यामुळे ऑक्सिजनशी वाटून घ्यायला त्याच्याकडे सोयीचे काही उरत नाही. एकभारित टायटेनियमकडे तीन संयुजा इलेक्ट्रॉन आणि भरपूर रिकाम्या डी-ऑर्बिटल असतात.

पायरी २: कोणती ऊर्जा हवी ते ठरवा आणि एकके जुळवा

आपल्याला हवी ती बंधविघटन ऊर्जा: धातू-ऑक्साइड आयन तोडून एकभारित धातू आणि उदासीन ऑक्सिजन अणू वेगळे करायला लागणारी. ती एका चार पदांच्या चक्रातून मिळते:

आयनाची बंधऊर्जा = उदासीन मोनॉक्साइडची बंधऊर्जा + धातूची आयनीकरण ऊर्जा − मोनॉक्साइडची आयनीकरण ऊर्जा

टायटेनियम घालून पाहू. उदासीन मोनॉक्साइडचा बंध ६.८७ ईव्ही, धातूची आयनीकरण ऊर्जा ६.८३, मोनॉक्साइडची ६.८२. उत्तर ६.८८. लोहासाठी ४.१८ अधिक ७.९० वजा ८.५६, म्हणजे ३.५२ ईव्ही. ॲल्युमिनियमचे गणितही इथेच उलगडते. उदासीन मोनॉक्साइडचा बंध चांगला ५.३ आहे, पण धातूची आयनीकरण ऊर्जा जेमतेम ६.० आणि मोनॉक्साइडची साडेनऊच्या आसपास. मधली साडेतीन ईव्हीची तूट बंधातून वजा होते.

या चक्रातून तोंडी वापरता येणारा नियम मिळतो. मोनॉक्साइडची आयनीकरण ऊर्जा धातूपेक्षा जास्त असेल, तर आयनाचा बंध उदासीन रेणूपेक्षा कमजोर. कमी असेल, तर जास्त मजबूत. थोरियम ६.३१ आणि त्याचा मोनॉक्साइड ६.६०, म्हणून आयन किंचित कमजोर. युरेनियम ६.१९ आणि मोनॉक्साइड ६.०३, म्हणून आयन किंचित मजबूत.

आकडे गोळा करताना तीन ठिकाणी घोळ होतो.

एक, तापमान. काही तक्ते ० केल्विनचे, काही २९८ केल्विनचे असतात. ऑक्सिजन रेणूचाच बंध ० केल्विनला मोलला ४९३.६ किलोज्यूल आणि २९८ ला ४९८.४ आहे. दोन तापमानांचे आकडे एका चक्रात घातले तर चार-पाच किलोज्यूलची चूक गुपचूप शिरते. आयनीकरण ऊर्जा वर्णपटातून येतात आणि ० केल्विनच्या असतात, म्हणून सगळेच ० केल्विनवर आणणे सोपे.

दोन, इलेक्ट्रॉनचा हिशेब. आयनांच्या निर्मितिउष्णतेचे तक्ते दोन संकेतांनी छापले जातात. एकात सुट्या इलेक्ट्रॉनची औष्णिक ऊर्जा धरतात, दुसऱ्यात नाही. २९८ केल्विनला फरक ६.२ किलोज्यूल पडतो. तक्त्याच्या सुरुवातीची टीप वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.

तीन, एकके. १ ईव्ही म्हणजे मोलला ९६.४८५ किलोज्यूल किंवा २३.०६ किलोकॅलरी. जुन्या शोधनिबंधांत किलोकॅलरी सर्रास असते.

हे आकडे इतके काटेकोर का हवेत? २०१३ साली प्रशांत महासागरातल्या क्वाजालिन प्रवाळद्वीपावरून अमेरिकी हवाई दलाने रॉकेटने वरच्या वातावरणात सॅमेरियमची वाफ सोडली. सॅमेरियम आणि ऑक्सिजन अणू भेटले की ऑक्साइड आयन आणि सुटा इलेक्ट्रॉन तयार व्हावा, ढग विद्युतभारित व्हावा, ही कल्पना. ही अभिक्रिया उष्मादायी ठरायला आयनाची बंधऊर्जा धातूच्या आयनीकरण ऊर्जेपेक्षा, म्हणजे ५.६४ पेक्षा, जास्त हवी. अपेक्षेइतके इलेक्ट्रॉन मिळाले नाहीत. नंतर प्रयोगशाळेत बंधऊर्जा नव्याने मोजली ती ५.७२ च्या आसपास निघाली. म्हणजे फायदा ०.०८ ईव्हीचा, आधी मानला होता त्याहून बराच कमी.

पायरी ३: आवर्तसारणीतला कल डोक्यात बसवा

पहिल्या ओळीतल्या संक्रमण धातूंच्या ऑक्साइड आयनांच्या बंधऊर्जा, ईव्हीमध्ये, ढोबळ आकड्यांत अशा:

स्कँडियम ७.१
टायटेनियम ६.९
व्हॅनेडियम ६
क्रोमियम ३.७
मँगनीज ३.०
लोह ३.५
कोबाल्ट ३.३
निकेल २.७
तांबे १.५
जस्त १.७

व्हॅनेडियम आणि क्रोमियम यांच्यामधला खड्डा लक्षात ठेवा. या रेणूंमध्ये एक सिग्मा (σ) आणि दोन पाय (π) अशी बंधक ऑर्बिटल असतात, त्यांत सहा इलेक्ट्रॉन मावतात. स्कँडियमच्या आयनात बरोबर सहा होतात, म्हणजे पूर्ण त्रिबंध. टायटेनियम आणि व्हॅनेडियमचे वाढीव इलेक्ट्रॉन डेल्टा प्रकारच्या अबंधक ऑर्बिटलमध्ये जातात, बंधाला फारसा धक्का लागत नाही. पुढे बंधविरोधी पाय-ऑर्बिटल भरायला सुरुवात होते. शिवाय एकभारित क्रोमियमचा अर्धा भरलेला डी-गट, पाच इलेक्ट्रॉनांचा, मोडायला किंमत पडते. तांब्यात तर डी-गट पूर्ण भरलेला, म्हणून सगळ्यात खालचा आकडा त्याचा.

लँथनाइडमध्ये प्रश्न वेगळा पडतो. तिथे एफ-इलेक्ट्रॉन बंधात भाग घेत नाहीत. बंधासाठी एफबाहेरचे दोन इलेक्ट्रॉन लागतात. लँथॅनम, सेरियम, गॅडोलिनियम यांच्या आयनांकडे ते तयार असतात किंवा स्वस्तात मिळतात, म्हणून बंध साडेसात-आठ ईव्हीच्या पुढे जातात, सेरियमचा ८.८. युरोपियम आणि यटर्बियम यांना एफमधला एक इलेक्ट्रॉन वर चढवायला मोठी ऊर्जा लागते, त्यांचे बंध चार ईव्हीच्या आसपास. सॅमेरियम मधला. केरळच्या मोनाझाइट वाळूवर काम करणाऱ्याला ही ओळ रोज लागते. रत्नागिरीकडच्या वाळूचा भर इल्मेनाइटवर असल्याने तुम्हाला वरची यादी जास्त लागेल.

पायरी ४: अभिक्रिया होईल का ते ऑक्सिजनदात्यावरून तपासा

धातूला ऑक्सिजन देणाऱ्या प्रत्येक रेणूला, म्हणजे दात्याला, ऑक्सिजन अणू सोडायला किती ऊर्जा लागते ते एका कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवा. नायट्रस ऑक्साइड १.७ ईव्ही, नायट्रोजन डायऑक्साइड ३.१, पाणी (हायड्रोजन रेणू मागे ठेवून) ५.०, ऑक्सिजन रेणू ५.१, कार्बन डायऑक्साइड ५.५, नायट्रिक ऑक्साइड ६.५, कार्बन मोनॉक्साइड ११.१. धातू-ऑक्साइड आयनाची बंधऊर्जा दात्याच्या आकड्यापेक्षा मोठी असेल तर अभिक्रिया उष्मादायी.

टायटेनियम आणि ऑक्सिजन: ६.९ वजा ५.१, नफा १.८, होते. लोह आणि ऑक्सिजन: ३.५ वजा ५.१, तोटा १.६, खोलीच्या तापमानाला होत नाही. लोहाचा ऑक्साइड आयन बनवायचा तर नायट्रस ऑक्साइड वापरा.

उलट दिशेनेही जाता येते. अज्ञात आयन एका दात्याकडून ऑक्सिजन घेतो आणि पुढच्याकडून घेत नाही, तर त्याची बंधऊर्जा दोघांच्या मध्ये आहे असे म्हणण्याचा मोह होतो. घेतो, यावरून खालची मर्यादा पक्की मिळते, आयन थंड असेल तर. घेत नाही, यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. कारण स्पिन.

टायटेनियम आणि कार्बन डायऑक्साइडची अभिक्रिया कागदावर १.४ ईव्हीने फायद्याची आहे. पण टायटेनियम आयन चतुष्क अवस्थेत (स्पिन-गुणकता ४, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन विनाजोडी), कार्बन डायऑक्साइड एकक (गुणकता १, सगळे जोडीत). उत्पादनात ऑक्साइड आयन द्विक आणि कार्बन मोनॉक्साइड एकक. एकूण स्पिन जुळत नाही, म्हणून अभिक्रिया रेंगाळते. ऑक्सिजन रेणू स्वतः त्रिक असल्याने त्याच्याबरोबर ही अडचण येत नाही. लोहाच्या ऑक्साइड आयनाचे हायड्रोजनशी वागणे याच जातीचे आहे: पाणी बनवून मोकळे होण्यात दीड ईव्हीचा फायदा असूनही शंभरातली एखादीच टक्कर फळते. सुरुवातीची आणि शेवटची अवस्था षट्क, पण मधला सोयीचा घाट, म्हणजे कमी ऊर्जेचा मार्ग, चतुष्क अवस्थेच्या ऊर्जा-पृष्ठभागावर. हेल्मुट श्वार्त्स यांच्या गटाने या दुहेरी अवस्थेच्या रसायनावर मोठे काम केले आहे. म्हणून ऊर्जेच्या हिशेबाशेजारी प्रत्येक वेळी स्पिनचा हिशेब लिहा.

ट्रॅपवर काम करताना दोन गोष्टी सांभाळा. पावसाळ्यात यंत्र हवेला उघडले तर भिंतींवर पाणी बसते आणि ते पंपाने लवकर जात नाही. कोकणातली जून ते सप्टेंबरची हवा यासाठी वाईटच. उघडायचे काम शक्यतो दिवाळीनंतर काढा, नाहीतर निर्वात कक्ष गरम करून पाणी घालवल्याशिवाय मोजणी सुरू करू नका. टायटेनियमचा पाण्याशी हिशेब १.९ ईव्हीने फायद्याचा असल्यामुळे ऑक्सिजन न सोडताही ऑक्साइड आयन दिसू शकतो. लोहाचा मात्र पाण्यातून येणार नाही. तोही दिसला, तर लोहाचे आयन गरम आहेत असे समजा. लेसरने किंवा लोह पेंटाकार्बोनिलवर इलेक्ट्रॉन मारून बनवलेले आयन उत्तेजित निघतात. त्यांना आधी आर्गॉन किंवा नायट्रोजनच्या भरपूर टकरा देऊन थंड करा, मग अभिकारक सोडा.

पायरी ५: संगणकावर पडताळा

शैक्षणिक वापराला मोफत मिळणारे ऑर्का हे क्वांटम-रसायनाचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. पहिल्या ओळीतल्या धातूसाठी बी-थ्री-एलवायपी (डीएफटी, म्हणजे इलेक्ट्रॉन-घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या पद्धतीचा एक प्रकार) आणि ट्रिपल-झीटा दर्जाचा बेसिस (ऑर्बिटल मांडायला वापरायचा फलनांचा संच) घ्या. तीन स्वतंत्र गणिते लावा: धातूचा आयन, ऑक्सिजन अणू, ऑक्साइड आयन. एकाच गणितात बंध लांबवत नेऊन तोडू नका. डीएफटीमध्ये दूर गेलेल्या दोन तुकड्यांवर भार अर्धवट वाटला जातो आणि वक्र चुकीच्या ठिकाणी सपाट होतो.

भार आणि स्पिन-गुणकता हाताने लिहा. ऑक्सिजन अणू ३. टायटेनियम आयन ४, त्याचा ऑक्साइड २. लोह आयन ६, त्याचा ऑक्साइड ६. ऑक्साइडसाठी शेजारच्या गुणकताही चालवून सर्वांत खालची अवस्था तीच आहे ना ते पाहा.

लोहाच्या आयनात सापळा आहे. खरी तळअवस्था षट्क. चतुष्क तिच्यावर सुमारे पाव ईव्हीने. बी-थ्री-एलवायपी हा क्रम उलटा देते. सॉफ्टवेअरने दिलेली सर्वांत कमी ऊर्जा डोळे झाकून घेतली, तर बंधऊर्जा तेवढ्याने घसरते. प्रायोगिक क्रम माहीत असताना गणितात षट्क घ्या आणि चतुष्काशी असलेले प्रायोगिक अंतर वेगळे नोंदवा.

मग शून्यबिंदू ऊर्जा वजा करा. लोहाच्या ऑक्साइड आयनाचे कंपन ८३८ प्रति सेंटिमीटर, निम्मे ४१९, म्हणजे ०.०५ ईव्ही. लहान आकडा, पण विसरला तर ० केल्विनच्या प्रायोगिक आकड्याशी तुलना करता येत नाही. स्पिन-वर्गाचे सरासरी मूल्यही पाहा: षट्कासाठी ८.७५ हवे. ते बरेच वर गेले असेल तर ती शुद्ध अवस्था नाही. डीएफटीचे उत्तर प्रयोगापासून दोन-तीन दशांश ईव्हीने हलले तर घाबरू नका. एक ईव्हीने हलले तर गुणकता चुकली आहे. सीसीएसडी(टी) ही जास्त अचूक पण जास्त वेळ घेणारी पद्धत वापरायची ती याच्यानंतर. लँथनाइड आणि थोरियमकडे सुरुवातीलाच वळू नका. तिथे सापेक्षता आणि स्पिन-कक्षा युग्मन दोन्ही लागतात.

पायरी ६: प्लाझ्मात किती बनेल याचा अंदाज

आयसीपीच्या प्लाझ्मात सहा हजार केल्विन धरले तर औष्णिक ऊर्जा ०.५२ ईव्ही. दोन धातूंच्या ऑक्साइड प्रमाणांचा भागाकार हा बंधऊर्जांमधल्या फरकाच्या घातांकाने बदलतो. सेरियम ८.८ आणि टायटेनियम ६.९, फरक १.९, त्याला ०.५२ ने भागून ई या संख्येचा उणे घात घेतला की ०.०२६. सेरियमचे ऑक्साइड प्रमाण दीड टक्का असेल, तर टायटेनियमचे ०.०४ टक्क्याच्या आसपास. यात पार्टिशन फंक्शन (त्या तापमानाला उपलब्ध ऊर्जापातळ्यांची बेरीज) धरलेली नाहीत, म्हणून उत्तर दसपटीच्या मर्यादेतले समजा. लोहासारख्या कमजोर बंधांना हा अंदाज अगदी नगण्य आकडा देतो आणि यंत्रात त्याहून जास्त दिसते, कारण काही ऑक्साइड आयन प्लाझ्मात बनतच नाहीत, कोनच्या (प्लाझ्मातून आयन आत घेणाऱ्या छिद्राच्या धातूच्या शंकूच्या) मागच्या थंड होत जाणाऱ्या प्रवाहात बनतात.

ट्यूनिंग असे करा. प्लाझ्मा पेटवून अर्धा तास जाऊ द्या. दोन टक्के नायट्रिक आम्लात लिटरला १ मायक्रोग्रॅम सेरियम घ्या. मास (वस्तुमान) १४० हा धातू, १५६ हा ऑक्साइड, ७० हा द्विभारित. १५६ भागिले १४० दोन टक्क्यांच्या आत आणा. सर्वांत जास्त फरक नेब्युलायझर वायूने (द्रावणाचे तुषार करून प्लाझ्मात नेणाऱ्या वायूने) पडतो: लिटरभर प्रति मिनिटाच्या आसपासून ०.०५ च्या टप्प्याने कमी करत जा. मग टॉर्च (प्लाझ्मा जिथे पेटतो ती नळी) आणि कोन यांच्यातले अंतर वाढवा, आरएफ शक्ती १५५० वॅटच्या आसपास ठेवा. प्रत्येक बदलानंतर ७० कडे नजर हवी. ऑक्साइड खाली गेला की द्विभारित वर येतो. ऑक्साइड दोन आणि द्विभारित तीन टक्क्यांखाली असतील तिथे थांबा.

प्रमाण खाली येतच नसेल, तर स्प्रे चेंबर २ अंशांपर्यंत थंड झाला आहे का ते पाहा, मग जोडांतल्या ओ-रिंग (हवा आत शिरली की ऑक्साइड वाढतो), आणि शेवटी कोनचे छिद्र. वाळूबरोबर समुद्राचे मीठ आले असेल तर कोन लवकर बुजतो. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के क्षार असतात. यंत्रात जाणाऱ्या द्रावणात ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. वाळू विरघळवण्याआधी गोड्या पाण्याने धुणे यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

पायरी ७: इल्मेनाइटमधले खोटे तांबे

शुद्ध इल्मेनाइटमध्ये ३१.६ टक्के टायटेनियम. ०.१ ग्रॅम पूर्ण विरघळवून १०० मिलिलिटर केले की लिटरला ३१६ मिलिग्रॅम; तिपटीहून थोडे जास्त पातळ करून १०० मिलिग्रॅमवर आणले असे धरू. टायटेनियमचा ७.४४ टक्के भाग मास ४७ चा. त्यावर १६ चढले की ६३, म्हणजे तांब्याची जागा. ५.४१ टक्के भाग ४९ चा, तो ६५ वर, ती तांब्याची दुसरी जागा. ऑक्साइड प्रमाण ०.१ टक्का मानले, तर ६३ वर लिटरला सुमारे १४ मायक्रोग्रॅम आणि ६५ वर सुमारे २३ मायक्रोग्रॅम तांबे दिसते. वाळूच्या हिशेबात किलोला ४५ आणि ७४ मिलिग्रॅम, नमुन्यात तांब्याचा कणही नसताना. दोन समस्थानिक वेगवेगळे उत्तर देतात आणि ६५ मोठे देतो, हीच टायटेनियम ऑक्साइडची खूण. जस्ताच्या ६४ आणि ६६ वर, निकेलच्या ६२ वरही तोच बसतो. निकेल ६० वर मोजा, पण वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर तिथे कॅल्शियमचा ऑक्साइड येतो.

दुरुस्तीसाठी फक्त टायटेनियमचे द्रावण त्याच दिवशी, त्याच आम्लात चालवा, ६३ आणि ४७ यांचे प्रमाण काढा आणि नमुन्यातून वजा करा. सेरियमचे प्रमाण टायटेनियमला लावू नका. कालचे प्रमाणही आज लावू नका. इल्मेनाइट पायरोसल्फेटने वितळवून विरघळवला असेल, तर गंधकाचा ऑक्साइड मास ४८ वर येऊन टायटेनियमचा मुख्य समस्थानिक बिघडवतो. अशा द्रावणात टायटेनियम ४७ वर मोजा. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा मार्ग घेतलात तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवल्याशिवाय बाटली उघडू नका.

तिहेरी क्वाड्रपोल यंत्र (दोन वस्तुमान-गाळण्या आणि मध्ये वायूचा सेल) असेल तर हीच ऊर्जा तुमच्या बाजूने वळवता येते. शिंपल्यांच्या चुऱ्यातल्या कॅल्शियमचा ०.१९ टक्के भाग मास ४८ चा असतो, टायटेनियमच्या मुख्य समस्थानिकावर बरोबर बसणारा. पहिला क्वाड्रपोल ४८ वर, सेलमध्ये ऑक्सिजन, दुसरा ६४ वर. टायटेनियम ऑक्सिजन घेऊन ६४ वर जातो. कॅल्शियमच्या ऑक्साइड आयनाचा बंध साडेतीन ईव्हीच्या आसपास, ऑक्सिजन रेणूच्या ५.१ पेक्षा बराच कमी, म्हणून तो ४८ वरच राहतो आणि गाळला जातो. ऑक्सिजनचा प्रवाह शून्यापासून हळूहळू वाढवत ६४ वरचा टायटेनियमचा संकेत सपाट होईपर्यंत न्या, आणि त्याच प्रवाहावर शुद्ध कॅल्शियमचे द्रावण एकदा चालवून ६४ रिकामा आहे याची खात्री करून घ्या.